खालची ओळ डाव्या हाताची

जून महिन्यात, शाळा सुरू व्हायच्या आधी, आमच्या घरी पुस्तकांना कव्हरं घालायचा एक दिवस असे. आई भाताची खळ करून वाटीत काढून ठेवी, बाबा फूटपट्टी आणि कात्री घेऊन ओटीवर बसत आणि मी समोर पुस्तकांची चळत घेऊन. बाबा मालवणच्या हायस्कुलात भूगोल शिकवत. मास्तरांच्या मुलीची पुस्तकं उघडीबोडकी दिसणं त्यांना खपत नसे. तेव्हा सगळ्यांच्याच पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं असायची आणि आमच्याकडच्या दमट हवेत ती गणपतीपर्यंत कशीबशी तग धरायची.

त्या वर्षी, अठ्ठावन्न साल असेल, बाबांनी बाजारपेठेतल्या वाण्याकडून रद्दीचा एक निराळाच गठ्ठा आणला. मोठाले दुहेरी ताव, जाड, एकाच बाजूला छापलेले, कडेला पिवळे पडलेले. त्यांवर पाच पाच रेघा ओढलेल्या आणि रेघांवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. बाबा म्हणाले, ही विलायती वाद्याची लिपी, आपल्याला काय करायचीय, कागद मात्र एक नंबर आहे. चार ताव माझ्या चार पुस्तकांना लागले: भूगोल, इतिहास, गणित आणि मराठी.

सगळ्यात वरच्या तावावर, मथळ्याच्या शेजारी, शाईनं लिहिलेली तीन नावं होती, एकाखाली एक. तिन्ही बायकांची, तिन्ही इंग्रजी अक्षरांत, तीन वेगवेगळ्या हातांची. आधीच्या नावावर पुढचीनं काट मारली नव्हती. ती नावं मी इथं लिहीत नाही. ती त्यांची आहेत. तेव्हा मला एवढी समज नव्हती. भूगोलाच्या पुस्तकावर मी नेमक्या त्याच जागी खळ फासली आणि माझ्या नावाचं लेबल चिकटवून टाकलं. वर्गात माझ्या पुस्तकांचा थाट काही और होता आणि मी तो पुरेपूर मिरवला. मिरवायला मला आवडायचं. हरायला अजिबात आवडायचं नाही, अजूनही नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मला पेटी शिकवायला मास्तर येत. उंच, हडकुळे, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. तरुणपणी ते एका नाटक कंपनीत होते, कोल्हापूर-सांगलीपर्यंत फिरून आलेले. ती कंपनी बुडाल्यावर गावी परतून देवळातलं भजन आणि नाट्यमंडळाची साथ सांभाळत होते. पेटीतला शेवटचा शब्द त्यांचा, हे कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळं गाव धरून चालत असे. एका शुक्रवारी त्यांनी माझं गणिताचं पुस्तक उचललं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि एकदम ताठ बसले.

"ह्या माका वाचूक येता," ते म्हणाले.

आणि खरंच येत होतं. त्यांच्या कंपनीत एक गोव्याचा फिडलवाला होता. कुठल्या रेघेवरचा ठिपका म्हणजे कुठला सूर, हे त्यांनी त्याच्याकडून उचललं होतं. आता फिडलवाल्याच्या कागदावर एका वेळी एकच ओळ असते. माझ्या कव्हरांवर ओळी जोडीनं होत्या, वरची आणि खालची, डाव्या कडेला महिरपी कंसानं बांधलेल्या. मास्तरांनी दोन चिमटी तपकीर ओढून विचार केला. खालच्या ओळीत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल होती: आधी खाली एकटा ठिपका, मग वर दोन झुबके, पुन्हा एकटा ठिपका, पुन्हा दोन झुबके. पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. डाव्या हाताला स्वतःची वेगळी ओळ असू शकते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

"वरची वळ बोटांची," मास्तर म्हणाले, "खालची भात्याची. एकटो ठिपको म्हणजे एक लांब दाब. झुबको म्हणजे आखूड. एक लांब, दोन आखूड. समाजला?"

मला समजलं. आम्ही दोघांनी ते मन लावून बसवलं. वरची ओळ गोड होती, झोपाळ्यावर बसल्यासारखी वाटायची. पण भाता एक लांब, दोन आखूड असा दाबला की सूर मध्येच फुगायचा आणि मध्येच दम लागून बसायचा. आई स्वयंपाकघरातून विचारी, पेटीत उंदीर शिरलाय काय. मास्तर म्हणत, विलायती पद्धतच तशी, त्यांचं सगळंच हिसक्यानं चालतं. श्रावणात देवळातल्या भजनाआधी मी ते वाजवून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या, एक-दोघांनी शाबासकीही दिली, आणि 'इंग्रजी भजन वाजवणारी' म्हणून माझा गावभर बोलबाला झाला.

गणपतीच्या आधी नवा फ्रॉक शिवायचा म्हणून मी शाळेतून परस्पर शिवणकाम करणाऱ्या बायकडे गेले. चर्चच्या वाटेवर तिचं कौलारू घर होतं. पडवीत पायानं चालवायचं शिवणाचं मशीन, शेजारी कापड बेतायचं लांब टेबल. बाय जाडजूड, केस पांढरे, तोंडात कायम चार टाचण्या. नवरा बोटीवर होता तो कधीच वारला होता. मशीनवर तिनं मुलाला वाढवलं, शिकवलं, आणि आता तो मामलेदार कचेरीत कारकून होता. मालवणातल्या निम्म्या मुलींचे फ्रॉक तिच्या हातचे. आणि माप घेता घेता ती प्रत्येकीला सांगायची की गोव्यात बापाच्या घरी तिचा पियानो आहे, लहानपणी पाहुण्यांसमोर ती तो वाजवत असे. गेली तीस वर्षं मालवण हे ऐकत होतं. बायका मुद्दाम विचारायच्या, "बाय, तुमचो पियानो कसो आसा?" ती गंभीरपणे सांगायची, "आसा, भावाच्या घराक." तेव्हा गोव्याची हद्द बंद होती. तिकडं जाऊन कुणी बघून येणार नव्हतं, आणि हसणाऱ्यांना ते सोयीचंच होतं. मीसुद्धा हसले होते, हे कबूल केलेलं बरं.

ती माझ्या खांद्याचं माप घेत होती. माझ्या हातात भूगोलाचं पुस्तक. टेप मध्येच थांबली. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ठिपक्यांच्या वर पेन्सिलीनं लिहिलेल्या बारीक आकड्यांवरून बोट फिरवलं.

"ह्या खंय गावला तुका?"

"वाण्याकडे. रद्दीत."

"ह्या लेबलाखाली काय आसा, ठावक आसा?"

"नावां आसत. तीन."

इस्त्रीसाठी ठेवलेल्या पाण्यात तिनं चिंधी बुडवली आणि लेबलावर दाबून धरली. मग सुईच्या टोकानं एक कोपरा उचलला आणि माझं नाव अख्खं सोलून काढलं. खाली तिन्ही नावं होती, थोडी फुटलेली. तिसऱ्यावर, जांभळ्या शाईतल्या गोल गोल अक्षरांवर, तिनं बोट ठेवलं.

"ह्या माझा."

मग तिनं मला तिघींची हकीकत सांगितली. पहिली एका गोऱ्या साहेबाची बायको, बेळगावच्या छावणीत राहणारी. नवऱ्याची बदली झाली तेव्हा तिनं आपले सगळे कागद तिथल्या शाळेतल्या सिस्टरला देऊन टाकले. दुसरं नाव त्या सिस्टरचं. बाय त्याच शाळेत बोर्डिंगला होती. सोळाव्या वर्षी तिनं ही चार ताव भरलेली नाचाची गत पाहुण्यांसमोर एकही चूक न करता वाजवली, म्हणून सिस्टरनं ती तिला बक्षीस दिली आणि खाली नाव लिहायला लावलं. लग्न होऊन ती गलबतातून मालवणला आली तेव्हा पियानो आणणं शक्य नव्हतं. कागद ट्रंकेतून आले.

"मगे रद्दीत कित्याक घातलास?" मी विचारलं. असं विचारू नये एवढी पोच मला नव्हती.

तिनं सरळ सांगितलं. मे महिन्यात तिच्या मुलाचे कचेरीतले सोबती घरी जेवायला आले होते. तिनं पियानोची गोष्ट काढली, ट्रंकेतून कागद आणून दाखवले. ते हसले. कागद काय, कुणाकडेही असतात. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, "माय, आता पुरे. लोक तुका हसतत, आनी माका खाली बघूचा लागता." दुसऱ्या दिवशी ती स्वतः जाऊन ते वाण्याला देऊन आली.

"गाव हसता तर हसांदे," ती म्हणाली. "पण माझो झील माका खोटी समाजता."

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. अशा वेळी मी बढाई मारते. मी म्हटलं, माका ह्या वाजवूक येता, आणि तिच्या टेबलावर उजव्या हाताची बोटं नाचवत डाव्या हातानं हवेतला भाता दाबून दाखवला, एक लांब, दोन आखूड. बाय बघत राहिली. मग ती हसायला लागली, डोळे पुसायची वेळ येईपर्यंत हसली.

"खालची वळ भात्याची न्हय गो चेडवा. ती डाव्या हाताची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मास्तर म्हणतत—"

"मास्तराक हात किती? दोनच मां?"

तिनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्या आखल्या, पांढऱ्या मोकळ्या आणि काळ्या भरीव. पेन्सिलीचे ते आकडे बोटांचे होते, एक म्हणजे आंगठा. तिनं माझी पुस्तकं समोर उभी केली, स्टुलावर बसली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. आवाज फक्त लाकडावर बोटं पडल्याचा आणि तिच्या गुणगुणण्याचा. पण तिचा डावा हात एकदा दूर जाऊन एक पट्टी घेई, मग जवळ येऊन दोनदा तीन तीन पट्ट्या एकदम दाबी, आणि उजवा हात वर आपलं गाणं म्हणत राही. एका माणसाचे दोन हात एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी बोलताना मी पहिल्यांदा बघत होते. मी मान्य केलं. मनात, लगेच.

मास्तरांना मात्र मी ते नको तशा शब्दांत सांगितलं. "मास्तरानू, तुमचा चुकला" असं म्हणून मी सुरुवात केली, ती अजून माझ्या कानात आहे. मास्तरांनी तपकिरीची डबी खिशात टाकली. "फ्रॉक शिवणारी आता माका पेटी शिकवतली?" म्हणाले आणि उठून गेले. त्यानंतर शिकवायला आलेच नाहीत. देवळात त्यांनी ही गोष्ट चारचौघांना ऐकवली आणि गावाला बायवर हसायला नवं निमित्त मिळालं. कचेरीत तिच्या मुलालाही कुणीतरी ते ऐकवलं. माझ्या तोंडामुळे तिचं हसं आणखी वाढलं होतं. घरी येऊन मी रडले, आणि रडून झाल्यावर ठरवलं की हे मीच निस्तरीन.

दिवाळीपासून रोज शाळा सुटल्यावर मी बायकडे जाऊ लागले. कापड बेतायचं नसेल तेव्हा टेबल आमचं. ताव पुस्तकांना घातलेले असल्यामुळे वाजवायची पद्धतही मजेशीर होती: सुरुवात भूगोलाच्या पुढच्या बाजूला, तिथून उडी गणितावर, गणित उलटं केलं की इतिहास, शेवट मराठीच्या पाठीवर. "आता गणित," बाय म्हणे. "इतिहास उलट. वेळेर उलट गो." कव्हरं काढू या म्हटलं तर ती म्हणाली, वर्ष पुरं होऊ दे, तुझी पुस्तकं खराब होतील. खडूच्या पट्ट्यांवर माझा डावा हात हळूहळू शहाणा झाला. पण लाकडातून सूर निघत नव्हता, आणि हातपेटीवर दोन्ही हात ठेवले तर भाता कोण दाबणार? जे सिद्ध करायचं होतं ते ऐकवल्याशिवाय सिद्ध होणार नव्हतं.

गावात असं एकच वाद्य होतं. नाट्यमंडळाची पायपेटी. ती उभ्या कपाटासारखी असते, भाता खाली दोन पायट्यांवर चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. मास्तर त्यावर नाट्यपदांची साथ करत, उजव्या हातानं सूर आणि डाव्या हाताची दोन बोटं षड्ज-पंचमावर ठेवून दिलेली. पेटी मंडळाची, किल्ली मास्तरांच्या करगोट्याला. वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघायची. जानेवारीत आमच्या शाळेच्या संमेलनात पौराणिक नाटक होतं, त्यासाठी ती बैलगाडीतून शाळेत आली. पोशाख शिवायचं काम बायकडे होतं. मी देवाला नवस बोलले नाही, पण फारसं काही बाकीही ठेवलं नाही.

शनिवारची दुपार होती. सभागृहात तालीम चाललेली, पन्नासएक मुलं, चार शिक्षक, त्यांत बाबा. मास्तर पायपेटीवर. बाय पोशाख घेऊन आली. गाठोडं तिच्या मुलाच्या डोक्यावर, कचेरी अर्धा दिवस म्हणून तिनं त्याला बरोबर घेतलं होतं. नांदी संपली आणि मी पुढं झाले. मास्तरांसमोरच्या फळीवर माझी चार पुस्तकं ओळीनं मांडली.

"मास्तरानू, ह्या वाजवून दाखवशात? खालची वळ भात्याची तर आता पायान वाजवा."

सगळ्यांसमोर विचारल्यावर ते नाही म्हणेनात. त्यांनी उजव्या हातानं वरची ओळ धरली आणि पायांनी एक लांब, दोन आखूड सुरू केलं. हातपेटीत जे खपून गेलं होतं ते पायपेटीत खपेना. मोठ्या भात्याला ते हिसके मानवले नाहीत. पेटीनं एक भलामोठा उसासा टाकला, मग उचक्या. पोरं फिदीफिदी हसली. मास्तर लालबुंद होऊन उठले.

"बस तू. दाखव," ते मला म्हणाले.

मी बसले. माझे दोन्ही हात तयार होते, रोजच्या सरावानं घोटलेले. पण पाय? खडूच्या टेबलाला पायट्या नव्हत्या. मी हातांकडं लक्ष दिलं की पाय थांबत, वारा संपे आणि सूर मरून जाई. पायांकडं लक्ष दिलं की डावा हात उजव्याच्या मागं पळू लागे. तीनदा सुरुवात केली, तीनदा मध्येच सगळं गप्प झालं. आता मुलं मला हसत होती. एक शिक्षक म्हणाले, "बायच्या शाळेतली विद्यार्थिनी," आणि मोठी माणसंही हसली. दाराशी बायचा मुलगा गाठोडं खाली ठेवून उभा होता. त्याची मान खाली गेलेली मी पाहिली.

"माय, चल घराक," तो म्हणाला.

बाय त्याच्याकडं वळली नाही. तिनं बोटातलं अंगुस्तान काढून खिशात टाकलं, चष्मा पुसला आणि माझ्याजवळ आली. "उठ," म्हणाली. मी उठले. ती बसली, फ्रॉकचा घेर गुडघ्यांत सारखा केला, आणि पाय पायट्यांवर ठेवले. आणि तिचे पाय चालू लागले. उजवा, डावा, उजवा, डावा, ना घाई ना खंड, पायांकडं बघायची गरजच नसलेले. तीस वर्षं त्या पायांनी दिवसाचे आठ-आठ तास मशीन चालवलं होतं आणि तेवढा वेळ हात वर कापडाचं नाजूक काम करत राहिले होते. पायपेटीनं एवढा सरळ, एवढा भरलेला वारा मास्तरांच्या हाताखालीही कधी घेतला नसेल.

मग तिनं दोन्ही हात टाकले.

मी तो आवाज सांगायचा प्रयत्न पुष्कळदा केला आहे आणि दर वेळी हरले आहे, त्यामुळे इथं करत नाही. एवढंच म्हणते की खालच्या ओळीनं वरच्या ओळीला खांद्यावर घेतलं आणि ती दोघं मिळून सभागृहभर फिरली. मास्तर आणि मी पावसाळाभर जे लंगडं वाजवत होतो ते खरं म्हणजे नाचायचं होतं. पोरांचं हसू कधी थांबलं कळलं नाही. मी शेजारी उभी राहून पानं उलटत होते, म्हणजे पुस्तकं. "गणित," बाय पुटपुटली. "इतिहास." एका ठिकाणी तिचं बोट घसरलं, तिनं जीभ चावली आणि पुढं गेली. मराठीच्या पाठीवरचा शेवटचा झुबका तिनं दाबून धरला, पाय थांबवले आणि सूर आपोआप विरू दिला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे मास्तरांकडं बघत होते. मास्तर पुढं आले, पुस्तकाजवळ वाकले आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून ती हळूहळू वाचत गेले, एकटा ठिपका, दोन झुबके, पानाच्या शेवटापर्यंत. मग सरळ उभे राहिले.

"माझा चुकला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाय सांगता ता खरा. खालची वळ हाताची." आणि तिच्याकडं वळून, "परत एकदा वाजवशात? माका डावो हात बघूचो आसा."

मग टाळ्या झाल्या, आणि काय झाल्या. बाबांनी तर टेबल बडवलं. मी त्या दिवशी काहीच वाजवलं नव्हतं, तरी आयुष्यातला माझा सगळ्यात मोठा विजय मी त्याच दिवसाला मानते. मास्तर मंगळवारपासून परत आले. येताना बायकडून होऊन येत, खालची ओळ सरगमीत उतरवून घ्यायला, आणि भांडायलाही. दोघांचं सुरांवरून जे जुंपे ते रस्त्यावर ऐकू येई. संमेलनात बायनं पडद्याआधी वाजवलं, चैत्रात नाट्यमंडळानं तिला बोलावलं. वर्ष संपल्यावर मी चारी कव्हरं सोडवली, तिनं कोळशाच्या इस्त्रीनं ती अलगद सपाट केली आणि बाबांनी दोऱ्यानं शिवून दिली.

फक्त तिचा मुलगा काही बोलला नाही. त्या दुपारी तो पोशाखांच्या गाठोड्यावरच बसून राहिला होता, राजाच्या शेल्यावर, आणि निघताना मुकाट्यानं चालू लागला. मी बायला पुन्हा पुन्हा विचारत असे, "तो काय म्हणालो?" ती म्हणे, "काय नाय. गप आसा." आता तिनं पियानोची गोष्ट काढली तर तो अडवत नव्हता. पण स्वतः होऊन त्यावर एक शब्दही त्याच्या तोंडून निघत नव्हता. सगळं गाव तिला मानू लागलं होतं, आणि ज्याच्यासाठी तिनं एवढं केलं त्याच्या मनाचा काही पत्ता लागत नव्हता. तीन वर्षं ती थांबली. मला राग यायचा. तिला येत नसे, किंवा ती दाखवत नसे.

मग गोवा मोकळा झाला. पुढच्या मे महिन्यात तिचा मुलगा एके दिवशी रजेचा अर्ज टाकून आला आणि म्हणाला, माय, चल, मामाकडं जाऊ या. पानं उलटायला मला बरोबर घ्यायचा बायनं हट्ट धरला. पियानोचं काय झालं ते आधीच सांगून टाकते: तो होता. एक पाय वाळवीनं खाल्लेला, त्याखाली चिरा लावलेला, नऊ पट्ट्या मुक्या. बायनं त्या नऊ चुकवून अख्खी गत वाजवली आणि तिचा म्हातारा भाऊ दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

आम्ही मालवणहून सकाळी निघालो, कसालला गाडी बदलली, सावंतवाडी मागं टाकली आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. त्या दिवसांत तिकडं कोण काय नेतं हे तपासत असत. एक शिपाई आत चढला आणि गाठोडी चाचपत पुढं आला. बायच्या मांडीवर कापडात बांधलेलं बोचकं होतं. त्यानं ते उघडायला लावलं, चार पिवळे ताव उलटेपालटे केले आणि संशयानं विचारलं, "हे काय आहे? कसली खूण आहे ही?"

बाय उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात तिचा मुलगा जागेवरून उठला. कचेरीत बोलतो तसं, शुद्ध मराठीत, सावकाश बोलला.

"ते संगीत आहे," तो म्हणाला. "पियानोचं. माझी आई पियानो वाजवते."

शिपायानं फ्रॉकमधल्या त्या जाड्या बाईकडं पाहिलं. "या?"

"हो, या. लहानपणापासून," तो म्हणाला, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला.